कोरडं इंजिन

"केशवराव, हा शब्द खोडा."

आमचे हे टेबलासमोर उभे होते. खुर्ची दिली होती, पण बसले नव्हते. टेबलाच्या पलीकडं केशव, जालना रोडवरच्या त्या शोरूममधला वॉरंटीचा माणूस. तिशीतला पोरगा, चष्मा नाकावर घसरलेला, बोलायला मऊ. त्याच्या पुढ्यात आमच्या गाडीचा कागद होता आणि कागदाशेजारी प्लास्टिकच्या पिशवीत गाडीचा डायनामो. गाडीची वीज तयार करणारं ते वांग्याएवढं यंत्र. तोच मेला सारखा जळत होता.

"मामा, तो शब्द इंग्रजीत आहे. फॉर्ममध्ये तसाच लिहायची पद्धत आहे."

"मराठीत सांगा काय लिहिलंय ते."

केशवनं चष्मा वर सारला. "पाणी शिरून खराब. मालकाचा निष्काळजीपणा."

"हां. तोच खोडा."

"मामा, खोडला तर वॉरंटी द्यावी लागते. आणि ह्याच्यात पाणी तर गेलंय. मेकॅनिकनं बघितलंय."

"वॉरंटी नका देऊ. डायनामो मी माझ्या खर्चानं बसवतो. शब्द तेवढा खोडा. माझ्या गाडीच्या इंजिनानं आजवर पाणी पाहिलं नाय."

मी मागच्या सोफ्यावर बसून पदरानं वारा घेत होते, वैशाखाचे दिवस. मनात म्हटलं, म्हातारा एका शब्दासाठी काय अडून बसलाय. फुकट डायनामो माग म्हणावं, शब्दाचं काय लोणचं घालायचंय. तेव्हा असंच वाटलं मला. खोटं कशाला सांगू.

आता ते नाहीत. चार वर्षं झाली. म्हणून बसून सगळं पहिल्यापासून सांगते, आणि ह्या खेपेला जसं घडलं तसंच सांगते. माझ्या गोष्टी ज्यांनी ऐकल्यात त्यांना हे पटायला जड जाईल, ते मला माहीत आहे.

माझ्या माणसाचं नाव सांडू. मी कधी तोंडानं घेतलं नाही, ते गेल्यावर घेते. एसटीत एकतीस वर्षं ड्रायव्हर होते. विना अपघाताचा बिल्ला मिळाला होता. पण ते त्याबद्दल कुणाशी बोलले असतील तर शपथ. बोलायचं काम माझ्याकडं होतं. रिटायर झाल्यावर घरात बसवेना. फंडाच्या पैशातून त्यांनी एक दहा सीटची गाडी घेतली आणि करमाड ते शहरातला सिडको बसस्टँड अशा फेऱ्या मारायला लागले. गुढीपाडव्याला गाडी दारात आली. मी ओवाळलं, टायरखाली लिंबू ठेवलं, पुढच्या चाकावर नारळ फोडला. तेवढं त्यांनी करू दिलं. बॉनेटला कुंकू लावायला गेले तर हात धरला. "बाहेर काय करायचं ते कर. आत हात घालायचा नाय."

गाडी धुवायचेही ते स्वतःच, आणि तेही ओल्या फडक्यानं बाहेरून. आत सगळं कोरड्या फडक्यानं. वाटेवरच्या शेंद्र्याच्या धुलाईवाल्याकडं पाइपनं इंजिन धुऊन घेतात लोक, ते पाहून ह्यांच्या अंगावर काटा यायचा. म्हणायचे, "माणसाच्या कानात पाइप घालून बघा म्हणावं." रोज पहाटे बॉनेट उघडून ऑइल बघायचे, पट्टा बोटानं दाबून बघायचे, मग उघडं बॉनेट तसंच ठेवून अंघोळीला जायचे. म्हणायचे, रात्रीची दमट हवा निघून जाते.

ते अंघोळीला गेले की गाडीपाशी मी एकटी.

झालं काय, त्या वर्षी पोळ्याला शेजारच्या वच्छलाबाईचे बैल दारात आले. मी त्यांना ओवाळलं, पुरणाची पोळी तोंडात दिली. आणि माझ्या डोक्यात आलं. आपण बैलाला पोळी तोंडात देतो, खुरावर नाही ठेवत. मग आपल्या गाडीचा नारळ चाकावर का? हिचं तोंड तर वर आहे, बॉनेटखाली. आमचं पोट ही गाडी ओढते, आमच्या माणसाला त्या जालना रोडवर ट्रकांच्या गर्दीतून सकाळ-संध्याकाळ ही घरी आणते. आणि आपण तिचा नैवेद्य पायावर सांडतो. हे मला बरं वाटलं नाही.

त्यात त्यांना साखरेचा आजार झाला होता. डोळ्यांवर अंधारी यायची. त्याबद्दल ते माझ्याशी बोलायचे नाहीत, पण भाकरी खाताना हात थरथरला की मी बघायची. मला वाटायचं, एक दिवस फोन येईल. गाडी देवमाणसासारखी असेल तर सांभाळून घेईल. म्हणून मी सुरू केलं. दर अवसेला ते अंघोळीला गेले की चाकावर नारळ फोडायचा आणि वाटीतलं पाणी बॉनेटच्या आत, त्या गोल डब्यावर ओतायचं. तिथंच का? तो हाताला जवळ होता आणि फार तापायचा. नारळाचं पाणी थंड असतं. तापलेल्या पोराला आपण देतोच ना?

ह्यांना बोलले नाही. बोलले असते तर बंद केलं असतं त्यांनी.

कार्तिकात डायनामो गेला. दिवे मंद झाले, समोरचा लाल दिवा लागला, गाडी केंब्रिज शाळेच्या चौकात थांबली. कंपनीनं मुकाट नवा बसवून दिला. मी म्हटलं, नजर लागली. पुढच्या अवसेला दोन नारळ फोडले. पौषात दुसरा गेला. कंपनीनं तोही दिला, पण केशवनं विचारलं, "मामा, गाडी कुठं धुता?" ह्यांना ते लागलं. घरी येऊन जेवले नाहीत. आणि मी काय केलं? पुढच्या अवसेला जास्तच पाणी ओतलं.

चैत्रातल्या अवसेनंतर तिसरा गेला. तेव्हा तो शब्द लिहिला गेला.

शब्द खोडला नाही म्हणून ह्यांनी तक्रारीचा अर्ज दिला. पुण्याहून कंपनीचा इंजिनिअर येईल, सगळ्यांसमोर डायनामो उघडून बघेल, असं ठरलं. तोपर्यंत गाडी तिथंच शेडमध्ये उभी. पंधरा दिवस हे घरी. रोज पहाटे उठायचे, अंगणात जायचे, जिथं गाडी उभी असायची तिथं ऑइलचा एक डाग होता, त्याच्याजवळ उभे राहायचे आणि परत यायचे. ओट्यावर लोक विचारायचे, "सांडूमामा, गाडी कुठंय?" हे काही बोलायचे नाहीत. मग मी बोलायची. मी सगळ्यांना सांगितलं की शेंद्र्याच्या पिंपळावर एक जखीण राहते, ती निजामाच्या काळातली, तिला दिव्याची सवय. कारखाने आल्यापासून तिला कंदील मिळेना, म्हणून ती गाड्यांची वीज पिते. लोक हसायचे, काही ऐकायला पुन्हा यायचे. आमच्या गाडीला बसणारी सरूबाई तर म्हणाली, "व्हय, मला वाटलंच होतं, तिथं आलं की गार लागतं."

एका रविवारी दुपारी मोटरसायकलवरून केशव आला. हे गंगापूरला गेले होते, भाचीच्या घरी बारसं होतं.

"मामा नाहीत?"

"नाहीत. बस, चहा टाकते. एवढ्या उन्हात कशाला आलास बाबा?"

तो ओट्यावर बसला, खिशातून भिंतीवरच्या कॅलेंडरची फाडलेली पानं काढली आणि मांडीवर पसरली. तीन पानं. प्रत्येकावर पेनानं एक गोल.

"मावशी, माझे आजोबा दौलताबादला पंचांग सांगायचे. मला त्यातलं काही येत नाही, मी आपला फॉर्म भरतो. पण तुमच्या गाडीच्या तिन्ही तारखा एकाखाली एक लिहिताना हात थांबला. हे बघा. तिन्ही वेळा अमावास्येनंतर आठवड्याच्या आत डायनामो गेलाय."

मी चहाचा कप त्याच्यापुढं ठेवला आणि जखीण सुरू केली. अवसेलाच तिला जास्त भूक लागते, हे मी तिथल्या तिथं जोडलं. त्यानं सगळं ऐकलं. मध्ये एकदा हसलाही. चहा संपवला, कप उलटा ठेवला.

"गोष्ट छान आहे, मावशी. पण आमच्या मेकॅनिकनं काल त्या डायनामोला बोट लावून चाखलं. जुनी सवय आहे त्याची. मला म्हणाला, 'साब, ये खाली पानी नै है. मीठा लग रहा, थोडा खारा.' जखीण काय सरबत सांडते का तिथं?"

मी त्या कॅलेंडरच्या पानांकडं बघितलं आणि तीन गोलांमध्ये मला माझीच वाटी दिसली. तोवर मला खरंच कळलं नव्हतं. कुणी मानो न मानो.

"नारळाचं?" त्यानं हळूच विचारलं.

मी मान हलवली.

त्यानं कॅलेंडरची पानं घडी करून खिशात ठेवली. मग म्हणाला, "मी कुणाला सांगितलेलं नाही. मंगळवारी इंजिनिअर येतोय. उद्या संध्याकाळपर्यंत मामांनी तक्रार मागं घेतली, तर तो फॉर्म माझ्याच हातात आहे. तो शब्द काढून 'कारण कळले नाही' असं लिहीन. तक्रारीबरोबर वॉरंटीचा हक्कही सुटेल, पण शब्द जाईल. एकदा इंजिनिअरनं उघडून बघितलं की मग तो लिहील ते कायमचं. तुम्ही मामांना आज सांगा."

"सांगते."

"खरं सांगा, मावशी."

"अरे, सांगते म्हटलं ना."

संध्याकाळी हे आले. बारशाचे पेढे आणले होते, स्वतः खायचे नव्हते. मी पाण्याचा तांब्या दिला आणि शेजारी बसले. सांगायचं सरळ होतं, चार शब्दांचं काम. पण एवढ्या वर्षांची माझी जीभ. तिला सरळ रस्ता माहीतच नाही. मी पोळ्यापासून सुरू केलं. बैल, पोळी, गाडीचं तोंड, नैवेद्य. सांगता सांगता मला लाज वाटायला लागली, आणि लाज वाटली की मी रंगवते. म्हटलं, गाडीनं मला एका पहाटे जीभ काढून दाखवली, म्हणाली सारजे, घसा सुकलाय.

हे हसायला लागले.

आधी गालात, मग पोट धरून. डोळ्यांतून पाणी आलं. "सारजे," म्हणाले, "जखिणीपेक्षा ही भारी आहे. उद्या ओट्यावर सांग."

"अहो, खरंच ओतलं मी. नारळाचं पाणी. दर अवसेला."

"व्हय व्हय. आणि गाडी म्हणाली, मलई पण दे." पुन्हा हसले.

पंधरा दिवसांत ते पहिल्यांदा हसत होते. हात थरथरत नव्हता. मी त्या चेहऱ्याकडं बघितलं आणि गप्प बसले. म्हटलं, सकाळी सांगू. सकाळी ते शेताकडं गेले. मग दुपार झाली. संध्याकाळी केशवचा फोन आला, ह्यांनीच उचलला, म्हणाले, "तक्रार कशाला मागं घेऊ? येऊ द्या ना पुण्याचं माणूस. बघू द्या उघडून." आणि ठेवला.

माझ्या हातात दीड दिवस होता. मी तो घालवला. ह्यात जखिणीचा काही हात नाही.

मंगळवारी ह्यांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला. शोरूममध्ये आम्हाला बाहेर बसवलं. तासभर झाला. लोक आपापल्या गाड्यांची वाट बघत बसले होते, तोंडं आंबट करून. मला भीती वाटली की मी बोलायला लागते. मी त्यांना माझ्या मामाच्या बैलाची गोष्ट सांगितली. बैल दौलताबादच्या किल्ल्यावर चढायचा आणि तोफेला अंग घासायचा, म्हणून तोफ तिरपी झाली. सगळा हॉल हसला. पुण्याचा इंजिनिअर कधी येऊन दारात उभा राहिला, कळलं नाही. तोही हसला.

मग शेडमध्ये नेलं. टेबलावर वर्तमानपत्र पसरलं होतं. मेकॅनिकनं डायनामोचे बोल्ट सोडले, दोन अर्धुकं वेगळी केली. आत हिरवट-पांढरी बुरशी धरल्यासारखं झालं होतं, तांब्याच्या तारांवर काळा चिकट थर. इंजिनिअरनं बॅटरीचा उजेड टाकला, चिमटा आत घातला आणि एक केसासारखी बारीक, तपकिरी काडी बाहेर काढली. वर्तमानपत्रावर ठेवली.

"हे काय?"

मेकॅनिकनं वाकून बघितलं. "नारळाची शेंडी," तो म्हणाला.

मी ह्यांच्याकडं बघितलं. ते त्या शेंडीकडं बघत होते. आधी काहीच कळलं नाही त्यांना. मग कळलं. ते मला चेहऱ्यावर दिसलं नाही, मानेवर दिसलं. मान ताठ असायची त्यांची, बसच्या सीटवर बसून बसून. ती जराशी खाली आली. माझ्याकडं त्यांनी बघितलं नाही.

"साहेब," मी म्हटलं, "ते मी केलंय. नारळाचं पाणी मी ओतत होते. ह्यांना माहीत नाही."

इंजिनिअर हसला. वाईट नव्हता माणूस. "आजी, मघाशी ऐकलं मी तुमचं. बैल तोफेला अंग घासायचा ना?" दोन मेकॅनिकही हसले. केशव नाही हसला.

"नाय साहेब, देवाशपथ. पोळ्याला मी..."

"ती नाय ओतत," हे म्हणाले. "मी ओततो."

इंजिनिअरनं चिमटा खाली ठेवला.

"तुम्ही?" इंजिनिअरनं कागद बघितला. "एकतीस वर्षं एसटी चालवलीत म्हणे."

"व्हय."

"मग डायनामोवर पाणी चालत नाही, हे माहीत असेल तुम्हाला."

"माहीत होतं."

"माहीत असून?"

"श्रद्धा असते, साहेब. चुकलं."

ज्या माणसानं माझा कुंकवाचा हात धरला होता, तो म्हणाला, श्रद्धा असते. मी त्यांची बाही ओढली. त्यांनी हलकेच सोडवून घेतली, जशी पॅसेंजरची पिशवी गिअरमध्ये अडकली तर सोडवायचे तशी.

मी केशवकडं बघितलं. त्याला सगळं माहीत होतं. तो तोंड उघडणार होता. ह्यांनी त्याच्याकडं बघून एवढंच म्हटलं, "केशवराव, तुम्ही लिहा. मराठीत लिहा, म्हणजे मला वाचता येईल."

केशवनं लिहिलं. त्याचं अक्षर चांगलं होतं, पण त्या दिवशी वाकडं आलं. ह्यांनी खिशातून चष्मा काढला, कागद उजेडात धरला आणि ओळीवरून बोट फिरवत वाचलं. बोट एका शब्दावर थांबलं. थोडा वेळ तिथंच राहिलं. मग खाली सरकलं आणि त्यांनी सही केली. पूर्ण नाव, बापाच्या नावासकट. सावकाश.

इंजिनिअर म्हणाला, "काका, पुढच्या वेळी काळजी घ्या."

"व्हय, साहेब."

बाहेर आल्यावर केशव मागं धावत आला. "मामा, मी... मला आधीच..." ह्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, "गाडीला कुणी गिऱ्हाईक असलं तर बघा. चांगल्या माणसाला द्या. आत ओलं फडकं न घालणाऱ्याला."

मी म्हटलं, "अहो, विकता कशाला? नवा डायनामो बसवू की. मी पुन्हा बॉनेटकडं बघणार नाही."

"डोळे कुठं साथ देतात आता," ते म्हणाले.

त्यांच्या डोळ्यांचं मला माहीत आहे, हे त्यांनी कधी ओळखलं होतं, कोण जाणे. लग्नाला त्रेचाळीस वर्षं झाली होती आणि ह्या बाबतीत ते माझ्याशी एवढंच बोलले. का केलंस, कधीपासून केलंस, त्या रविवारी नीट का नाही सांगितलंस, काहीच विचारलं नाही. पुढंही नाही, मरेपर्यंत नाही. विचारलं असतं तर मी काहीतरी सांगितलं असतं. म्हणूनच नसेल विचारलं.

रस्ता ओलांडून आम्ही करमाडची काळीपिवळी जीप धरली. ड्रायव्हर ओळखीचा निघाला. सगळेच ओळखीचे. त्यानं पुढची सीट मोकळी केली. "मामा, या ना, पुढं बसा."

एरवी ते पुढंच बसायचे. दुसऱ्याच्या गाडीत बसले तरी पुढं, आणि त्याला रस्ताभर सांगायचे की गिअर असा टाक, उतारावर इंजिन बंद करू नकोस.

"नाय बा, मागं बरंय," ते म्हणाले आणि मागच्या आडव्या बाकावर बसले. मी समोरच्या बाकावर. माझ्या शेजारी सरूबाई तिच्या भाजीच्या पिशव्या घेऊन. चिकलठाणा गेलं तशी ती मला म्हणाली, "आज एवढ्या गप काय, सारजाबाई? जखिणीचं काय झालं पुढं?"

"काही नाय," मी म्हटलं. "नव्हतीच ती."

सरूबाईला वाटलं, ही गोष्टीची सुरुवात आहे. ती थोडा वेळ वाट बघत राहिली. मग पिशव्या सावरून झोपी गेली.

पुढं ट्रकांची रांग होती. ड्रायव्हर पोरगा तरणा, घाईचा. एका ट्रकच्या मागं तो फार जवळ गेला, आणि मला समोर ह्यांचा उजवा पाय दिसला. पाय पुढं सरकला आणि गाडीच्या पत्र्यावर घट्ट दाबला गेला. ट्रक दूर झाला, पाय सैल झाला. वळण आलं, पुन्हा दाबला. नजर खिडकीबाहेर होती. आपला पाय काय करतोय, हे त्यांना माहीत नसावं.

शेंद्र्याच्या वळणावर, गाई आडव्या आल्या तिथं, फाट्यावर, प्रत्येक ठिकाणी तो पाय वेळेच्या आधी दाबला जात होता. करमाड येईपर्यंत सगळी गाडी त्यांनीच सांभाळत आणली.